कीर्तन उभं असताना सोडा फोडू नये

गुंजी स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला रवळनाथाचं लहानसं देऊळ आणि देवळाला लागून दगडी कट्टा. त्या कट्ट्याच्या टोकाला मष्णूची सोड्याची टपरी. टपरीच्या फळीवर हिरवा रावा काढलेला, त्याच्या चोचीत लिंबाची फोड. 'रावा छाप लेमन' हे नाव बेळगावच्या कारखान्याचं. गॅस भरायचं यंत्र, गोळीच्या बाटल्या आणि लिंबाच्या वासाचं पाणी हेही कारखान्याचंच. विहीर गुंजीची आणि हात मष्णूचे. बाटली इथंच भरली जायची, तरी गिऱ्हाईक म्हणायचं, "एक रावा दे." या व्यवहाराला कागदावर एजन्सी म्हणत.

ही एजन्सी मष्णूला कशी मिळाली, ते ऐकलं तर पुढचं सगळं उलगडतं.

रवळनाथाचा उत्सव वैशाखात. सात दिवस दुपारी उन्हं कलती झाली की देवळासमोरच्या मांडवात कीर्तन उभं राहायचं. कीर्तनाचं वेड असलेली माणसं खानापूर-लोंड्याकडून रेल्वेनं यायची. त्यांतलेच एक बेळगावचे मारुतीराव, लेमन कारखान्याचे मालक. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. येऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि अभंगाचं चरण सुरू झालं की डोळे मिटायचे. लोकांना वाटायचं, शेठजींना डुलकी लागली. पण बुवांनी तान चुकवली की मिटलेल्या डोळ्यांवरची भुवई उठायची.

त्या साली आख्यानात एका आईचा प्रसंग होता. रानात पोर हरवलेलं, आई हाका मारते आहे. बुवांनी तिसरी हाक मारली, झांजा थांबल्या, तबल्यावर हात तसाच राहिला. उत्तर येतं की नाही? बुवा बोलेनात. कीर्तनात असा थांबा येतो तेव्हा श्रोता आपणच उत्तर द्यायला निघतो, देवापुढची सगळी बडबड गळून पडते. ज्यानं तो थांबा एकदा अनुभवला, तो पुढच्या सालीही तेवढ्यासाठीच येतो. मांडवात बायांनी पदर तोंडाला लावले होते. आणि नेमका तेव्हाच कट्ट्यावरून आवाज आला, फट्.

गोळीचा सोडा फोडला की होतो तो. मागोमाग फुस्स, आणि त्यामागून शिंपीमास्तरांचा तृप्त ढेकर.

मांडव हसला. बुवाही हसले, मोठ्या मनाचे होते, आख्यान पुढं नेलं. पण दूध एकदा फाटलं ते फाटलं. मारुतीरावांनी मान वळवून कट्ट्याकडं पाहिलं. तिथं मष्णू उभा होता, तेव्हा त्याची नुसती हातगाडी होती आणि सोडा कुठला तरी बिननावाचा. हातातली गोळी दाबायची लाकडी टोपी लपवायला त्याला जागा सापडेना.

कीर्तन संपल्यावर मारुतीरावांनी त्याला बोलावलं. मष्णू बोलणी खायच्या तयारीनंच गेला.

"नाव काय रे?"

"मष्णू."

"कीर्तन ऐकतोस का?"

"कवा ऐकणार, मालक? कीर्तन लागलं की तहान लागती लोकास्नी. माझा धंदाच तवा."

मारुतीरावांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. "माझी एजन्सी घे. रावा छाप. गुंजीत दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण एक अट. कीर्तन उभं असताना सोडा फोडायचा नाही. त्या वेळात मांडवात येऊन बसायचं."

"मालक, सोडा मी फोडला आन एजन्सी बी मलाच?"

"जो फोडतो त्यालाच थांबवता येतं. बाकीच्यांना सांगून काय उपयोग?"

बेळगावला स्टँपपेपर झाला. दहा सालांचा करार. पहिला पक्ष मारुतीराव, दुसरा मष्णू. लेखनिक सही घ्यायला लागला तर मारुतीराव म्हणाले, "थांब. कट्टा रवळनाथाचा आहे. त्याच्या जागेत टपरी, त्याच्या कीर्तनाची अट. तिसरा पक्ष तो."

लेखनिकानं टाक खाली ठेवला. "शेठजी, देवाचं नाव साक्षीला घालूया. पक्षकार कुठं करता?"

"साक्षीला माणसं मिळतात. तू लिही."

लेखनिकानं लिहिलं. शेवटचं कलम त्यानं नेहमीच्या सवयीनं घातलं, अटींत बदल करणे झाल्यास सर्व पक्षांची संमती लागेल. तिसऱ्या सहीचं काय करायचं, हा प्रश्न गुंजीत सुटला. रवळू गुरवानं देवाला कौल लावला. आमच्या भागात असा कौल लावतात, की मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली. रवळूनं तीच कळी कुंकवात बुडवून कागदावर दाबली. कळी सुकून गळून गेली, तांबडा डाग राहिला.

पहिल्या साली मष्णू मांडवात बसला तो चुळबुळत. डोळा बाटल्यांवर. दुसऱ्या साली त्याला अभंगाचं पालुपद म्हणता येऊ लागलं. पुढं पुढं तो मागच्या खांबाला टेकून असा बसायचा की राजाबाईला, त्याच्या बायकोला, येऊन हलवावं लागे. सालभर कट्ट्यावर उभा असलेला माणूस, त्याला देवाच्या दारात बसायला मिळायचं ते या सात दुपारी, आणि तेही कराराच्या बळावर. लोक तहानेनं टपरीशी खोळंबले तर तो बिनघोर सांगायचा, "माझ्या हातात न्हाय, कागदात हाय." आपण होऊन एवढा धीर त्याला झाला नसता, हे तो जाणून होता.

मग मारुतीराव थकले. मुलं पुण्याला नोकरीत, त्यांना लेमनचं काय. कारखाना विकल्याची बातमी बाटल्यांचे खोके आणणाऱ्या टेंपोवाल्यानं आणली.

"सदलग्याच्या भीमाप्पांनी घेतला," तो म्हणाला. "नावासकट. रावा त्यांचा आता."

राजाबाई भांडं घासत होती. तिनं मान वर केली. "मालक बदलला म्हंजे कागद बी बदलला?"

"मला काय ठावं? म्हस इकतो तवा दावं आपल्यापाशी ठेवतोय न्हवं? तसं असंल तर माझा कागद मारुतीरावांसंगं गेला."

"मग बरंच की. त्या सात दिसांत तुमी टाळ्या वाजवत बसताय, लोक तहानलेली घरला जात्यात."

कीर्तन आपलं राहणार की जाणार, हा एकच प्रश्न मष्णूच्या डोक्यात बसला होता, आणि तो बायकोला सांगण्यासारखा नव्हता.

उत्सवाच्या आधी, मांडवाचे वासे आलेले असताना, भीमाप्पा स्वतः गुंजीत आले. गडी मोठा उमदा. पांढरा सदरा, कपाळाला विभूती. सोबत निपाणीचे परशराम कांबळे वकील. वडिलांनी तंबाखूच्या वखारीत पोती वाहिली, मुलगा काळा कोट घालून कोर्टात उभा राहिला. त्यांच्या गल्लीतला तो पहिला वकील. बुद्धाच्या घरातला माणूस, देवळाच्या पायरीशी चप्पल काढून बाजूला उभा राहिला, आत गेला नाही.

भीमाप्पांनी एक बाटली फोडून घेतली, चव घेतली, मान हलवली. "छलो हाय, ब्येस हाय. हातात चव हाय तुझ्या, मष्णू. आता माझं ऐक. एवढ्याशा गुंजीत कशाला अडकतोस? खानापूरचा स्टँड तुला देतो. लोंड्यापतूर सगळा भाग तुझा. बर्फाची पेटी नवी. ह्यो नवा करार, छापलेला. सगळ्या एजंटांस्नी एकच."

राजाबाई टपरीच्या मागं उभी होती. खानापूरचा स्टँड म्हटल्यावर तिनं पदर सावरला. तिचं माहेर खानापूरचं.

"आन कीर्तनाचं?" मष्णूनं विचारलं.

"कसलं कीर्तन?"

मष्णूनं जुना कागद काढून दिला. भीमाप्पांनी तो हात लांब करून वाचला. वाचता वाचता हसू आलं. "उत्सवात गर्दी, आन उत्सवातच बंद? मारुतीराव भला माणूस, पर ह्यो धंदा हाय का उपास? ते कलम गेलं. आता मालक मी."

"तसं जात नाही, आप्पा," परशराम वकील मागून म्हणाले.

"काय म्हणतासा? मी कारखाना इकत घेतलाय."

"घेतलाय, पण करारांसकट. खरेदीखतात तसं लिहिलंय, मीच लिहिलंय. शेत विकलं म्हणून शेजाऱ्याची पाण्याची वाट बंद होत नाही. नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो. मारुतीरावांना जेवढं बांधलं होतं तेवढं तुम्हाला."

"म्हंजे दावं म्हशीसंगच आलं," मष्णू पुटपुटला.

"मुदतीपर्यंत आलं. मुदत संपली की तुम्ही मोकळे, हाही मोकळा. त्याआधी बदलायचं तर सगळ्या पक्षांची संमती पाहिजे." वकिलांनी बोट कुंकवाच्या डागावर ठेवलं. "तीन आहेत."

भीमाप्पांनी देवळाकडं पाहिलं, मग वकिलाकडं. "वकीलसाहेब, तुमी द्येव मानत न्हाईसा."

"मी मानत नाही. कायदा मानतो. कायद्यात मूर्तीला जमीन घेता येते, दावा लावता येतो. ती व्यक्ती आहे. फक्त अज्ञान धरतात, म्हणजे लहान पोर. म्हणून तिच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं."

रवळू गुरव घंटा पुसत होता, तो तसाच बाहेर आला. "ल्हान पोर कुणाला म्हनताय? सगळ्या गावाचा बाप हाय त्यो."

"कायद्यात म्हणतोय, गुरव. रागवू नका. त्याच्या वतीनं कोण बोलतं तुमच्यात?"

"वतीनं कशाला? त्योच बोलतोय."

"मग विचारा की," वकील शांतपणे म्हणाले. "विचारलं नाही असं उद्या कुणी म्हणायला नको."

भीमाप्पा हसले, पण देवभोळा माणूस, हसता हसता टोपी नीट केली. "व्हय व्हय, विचारूया. द्येवानं न्हाय म्हटलं तर मी बी न्हाय म्हणतो. शब्द दिला."

कौल दुसऱ्या दिवशी सकाळी ठरला. संध्याकाळी रवळू टपरीशी आला, इकडंतिकडं पाहून म्हणाला, "डावी कळी सैल लावतो रं. काळजी करू नगंस."

मष्णू बाटली धूत होता. "तसं करू नगंस."

"आं?"

"करू नगंस म्हनलं." पण ते तो अशा आवाजात म्हणाला की ऐकणाऱ्याला त्यातून हवं ते ऐकता यावं. रवळूनं हवं ते ऐकलं आणि गेला. मष्णूनं त्याला परत बोलावलं नाही. हे त्याचं त्यालाही कळलं. रात्री भाकरी खाताना राजाबाई म्हणाली, "द्येव काय आपल्या पोटावर पाय द्यायचा न्हाय. खानापूरला जायाचं असंल तर उजवी पडंल." मष्णूनं वाटी पुढं करून आणखी आमटी वाढून घेतली.

सकाळी देवळात गाव जमलं. परशराम वकील पायरीशीच, हात मागं बांधून. रवळूनं अंघोळ करून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या. डावीवर त्याचं बोट जरा लवकर उठलं, ते मष्णूनं पाहिलं आणि मान खाली घातली. रवळूनं गाऱ्हाणं घातलं. "बा रवळनाथा, मारुतीरावांचा कारखाना भीमाप्पांनी घेतला. तुझ्या कीर्तनाच्या वक्ताला सोडा फोडू नये, असं तुझ्या कागदात हाय. ते काढायचं म्हनत्यात. तुझी मर्जी असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

मग वाट बघणं. समईची वात चरचरली. कुणाचं तरी पोर खोकलं, त्याला आईनं गप्प केलं. मष्णूला कीर्तनातला थांबा आठवला. तसंच सगळं, फक्त इथं बुवा नव्हता.

कळी पडली. उजवी.

रवळूनं वाकून कळी उचलली, उलटसुलट करून पाहिली, जणू तिच्यावर काही लिहिलेलं असेल. मग भीमाप्पांनी मोठ्यानं नाव घेऊन दंडवत घातला. बाहेर येताना रवळूनं मष्णूचा दंड धरला. "द्येवाशप्पत मी डावीच सैल लावलती."

"बघितलं मी," मष्णू म्हणाला.

कट्ट्यावर नवा करार उघडला गेला. भीमाप्पांनी पेन काढलं. "माझी संमती हायच. द्येवाची झाली. घे."

मष्णूनं पेन हातात घेतलं. राजाबाई शेजारी उभी होती. मष्णू सही करायच्या जागेकडं पाहत राहिला. इतकी सालं तो सांगत आला होता, माझ्या हातात नाही. आज देवानं आपला हक्क सोडून दिला, तो दुसऱ्या कुणाच्या नव्हे, मष्णूच्याच हातात. देवाला सोडा फुटल्यानं काय होणार? त्याच्यापुढं ढोल वाजतात, रेल्वे शिटी मारत जाते. देवाला तो थांबा नकोच असेल. थांबा पाहिजे होता मष्णूला.

"वकीलसाब," तो म्हणाला, "तिघांची संमती लागती न्हवं?"

"लागते."

"मग माझी न्हाय."

भीमाप्पांचा हात करारावरच राहिला. "अरं, द्येव व्हय म्हणतोय, तू कोण न्हाय म्हणणारा?"

"दुसरा पक्ष," वकिलांनी सांगितलं.

मष्णूनं पेन परत दिलं, दांडा पुढं करून. "द्येवाला चालतंय, आप्पा. मला कीर्तन ऐकायचंय. सालातनं सात दुपारी. तुमचा शब्द द्येवाच्या न्हाय म्हणन्यावर हुता, त्यो मोडला न्हाय. आता मी माझं सांगितलं."

"खानापूरचा स्टँड जाईल."

"व्हय."

"मुदत सरली की एजन्सी बी तुझ्याकडं ठेवणार न्हाय. हे बी सांगून ठेवतो."

"ते तुमच्या हातात हाय. कागदातच हाय." मष्णूनं नव्या कराराला हात जोडले, जसे जाणाऱ्या पाहुण्याला जोडतात.

राजाबाई त्याच्याशी उत्सव संपेपर्यंत बोलली नाही. नंतर बोलली ती एवढंच, "द्येवाचं बी ऐकत न्हाय, ह्यो कसला भक्त." पण तेही भाकरी वाढताना, आणि भाकरी करपलेली नव्हती. त्या उत्सवात आणि त्यानंतरच्या दोन उत्सवांत कीर्तन उभं राहिलं की टपरीची फळी पडायची, कागदाप्रमाणं. भीमाप्पांचा टेंपो खोके वेळेवर आणायचा. त्यांनी अडवणूक केली नाही, हे त्यांच्या नावावर लिहायला पाहिजे.

मुदत सरली. यंत्र आणि बाटल्या कारखान्याकडं परत गेल्या, फळीवरचा रावा पुसला गेला. गुंजीची एजन्सी भरमूला मिळाली. स्टेशनावर हमाली करणारा, तरतरीत पोरगा, उत्सवात मष्णूच्या बाटल्या उचलायला यायचा तोच. त्याची टपरी कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जागेचं भाडं देवाला. करार छापील, पक्ष दोनच. मष्णूनं जुन्या फळीवर काही रंगवलं नाही. राजाबाईनं माहेराहून कोकम आणलं, गुळात मुरवलं, माठातल्या पाण्यात सरबत करून तो विकू लागला. त्याला यंत्र लागत नाही आणि ते ओतताना आवाज होत नाही.

त्या वैशाखात भीमाप्पा उत्सवाला आले. एजंट नवा, गर्दी मोठी, बघावं म्हणून. ऊन असं की कट्ट्यावर पाय ठेववत नव्हता. मांडवात कीर्तन उभं होतं, आख्यान पुन्हा त्याच आईचं. भीमाप्पा भरमूच्या टपरीशी गेले. "एक फोड रे."

भरमूनं बाटली काढली, पुसली, बर्फावर ठेवली. फोडली नाही.

"काय झालं?"

"थांबा वाइच, आप्पा. बुवा हाक मारायला लागल्यात."

"तुझ्या करारात तसलं काय न्हाय. मीच छापलाय."

"न्हाय व्हय," भरमू हळू आवाजात म्हणाला. "कुटं काय लिवलंय? पर मी बगतोय तवापासनं कीर्तनात हितं कुणी फोडलं न्हाय. आन ऐकतोय की मी बी."

मांडवात तिसरी हाक झाली. झांजा थांबल्या. सबंध देऊळ, कट्टा, पिंपळाखाली बांधलेले बैल, सगळं थांबलं. भीमाप्पांनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. स्टेशनात मालगाडी उभी होती, तिच्या इंजिनाचा हिस्स ऐकू येत होता, तेवढाच. मागच्या खांबाला टेकून मष्णू बसला होता. डोळे मिटलेले, भुवई जागच्या जागी.

थांबा लांबला. भीमाप्पांच्या घशाला कोरड पडली होती. ते पाय न वाजवता कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. राजाबाई माठाशी बसली होती. त्यांनी बोटानं खूण केली. तिनं खुणेनंच मान डोलावली, पेला भरला आणि पुढं केला.

रावा छाप लेमनच्या मालकांनी ते कोकमाचं सरबत उभ्यानं, आवाज न करता, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकलं. तोवर बुवांनी आईला उत्तर दिलेलं नव्हतं.